तगर, तेर आणि धूळपाटी

ज्ञानकोशात लिहायचं तर पूर्वी माणसाला विद्वान व्हावं लागे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि ही अट सुटली. आता धाराशिवच्या स्टँडावर एसटीची वाट पाहणारा मनुष्यही जिल्ह्याच्या इतिहासात भर घालू शकतो. गाडी उशिरा आली तर भर जरा जास्तच पडते!

अशा नवशिक्यांसाठी आमच्या जिल्ह्यातल्या तेरची हकिकत सांगण्यासारखी आहे. पहिल्या शतकातल्या कुणा व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात लिहून ठेवलं, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे. तिथलं कापड, मलमल भडोच बंदरात जाते. गृहस्थानं स्वतःचं नाव मात्र दिलं नाही. अनामिक संपादक तेव्हापासून आहेत, बरं का!

पण हे तगर कुठलं? विल्फर्डसाहेब म्हणाले, दौलताबाद. पंडित भगवानलाल इंद्रजी म्हणाले, जुन्नर. म्हणजे पूर्वेचं गाव थेट पैठणच्या पश्चिमेला निघालं! डॉ. रा. गो. भांडारकरांनी धारूर सुचवलं. अखेर १९०१ साली फ्लीट यांनी दाखवून दिलं, की तगर म्हणजे आपलं तेर. या मंडळींचं एक चांगलं होतं. प्रत्येकानं आपलं कारण छापून ठेवलं, म्हणून पुढच्याला ते खोडता आलं. 'आमचे आजोबा सांगायचे' एवढ्यावर भागवलं असतं, तर तगर अजून हिंडतच असतं. आजोबा खोटं बोलत नाहीत, हे खरंच; पण त्यांना तळटीप देता येत नाही.

तेव्हा आधी धूळपाटीवर हात बसवा. विकिपीडियावर सरावाच्या पानाला हेच नाव आहे. मग लिहा, आणि प्रत्येक विधानाला संदर्भ द्या. तरीही कुणी तुमचा मजकूर उडवला, तर रुसू नका. तेर हे गोरोबाकाकांचं गाव. त्यांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, अशी कथा आहे. नामदेव रागावले, पण मग विसोबा खेचरांकडे जाऊन शिकले. तुम्ही चर्चापानावर जा, तेवढं पुरे.

शेवटचं, नावाबद्दल. २०२३ मध्ये उस्मानाबादचं अधिकृत नाव धाराशिव झालं. नवं नाव लावा, पण जुनं पुसू नका. जुने सातबारे, दाखले, पुस्तकं त्याच नावाची आहेत. शोधणारा तेच नाव घेऊन येणार. त्याला धाराशिवच्या पानावर आणून सोडणारं पुनर्निर्देशन ठेवा. तगराचं तेर होताना कुणी 'तगर : पाहा तेर' एवढी एक ओळ लिहून ठेवली असती, तर तीन मोठ्या विद्वानांची पायपीट वाचली असती!