पत्ता देणे, पत्ता लागणे

मराठीत 'पत्ता' या शब्दाला दोन तोंडे आहेत. पत्ता दिला की पत्र येते. पत्ता लागला की माणूस सापडतो. पहिल्यात सोय आहे, दुसऱ्यात पाळतही असू शकते. संगणकांना जाळ्यावर आपोआप पत्ते कसे मिळू लागले, हा इतिहास चाळताना हे दोन्ही अर्थ आम्हांला पुन्हा पुन्हा भेटले. साहित्याच्या अध्यापकांनी या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. ओळख आणि ठिकाण यांचे नाते हा आमचाही विषय आहे, एवढेच उत्तर तूर्त पुरे.

प्रारंभी प्रत्येक यंत्रात आयपी पत्ता हाताने भरावा लागे. पंचाईत झाली ती स्वतःची डिस्क नसलेल्या संगणकांची. सुरू होताना त्यांना आपला पत्ता माहीत नसे. ठाऊक असे तो केवळ हार्डवेअर क्रमांक, म्हणजे जणू जन्मखूण. १९८४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील चौघांनी 'आरएआरपी' ही रीत मांडली. यंत्राने ही खूण सांगून 'मी कोण?' असे जाळ्यावर पुकारायचे आणि सर्व्हरने वहीत पाहून उत्तर द्यायचे. ही हाक त्या जाळ्याच्या वेशीपर्यंतच पोचे. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांच्या 'बूटपी'ने तिला वेशीपलीकडे नेले. वही मात्र माणसालाच भरावी लागे.

१९९३ मध्ये बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांच्या नावे 'डीएचसीपी' आली. आमच्या मते तिच्यातील खरी नवलाई एका शब्दात आहे : 'लीज', भाडेपट्टा. पत्ता आता मालकीचा राहिला नाही, मुदतीचा झाला. यंत्र ०.०.०.० असा शून्य पत्ता लिहून विचारणा करते, सर्व्हर देकार देतो, यंत्र तो मागून घेते, सर्व्हर मान्यता देतो. साधारण निम्मी मुदत सरली की नूतनीकरणाची विनंती जाते. ते झाले नाही तर मुदतीअखेर पत्ता दुसऱ्यास देण्यास मोकळा. अकरा महिन्यांच्या करारावर बिऱ्हाड थाटणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे आयपीव्ही६ मध्ये घरमालकाचीही आवश्यकता उरली नाही. १९९८ च्या नियमांनुसार राउटर पत्त्याचा पूर्वार्ध जाहीर करी; उत्तरार्ध यंत्र स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकावरून रची आणि हा पत्ता आणखी कोणाचा तर नाही ना, एवढे शेजाऱ्यांना विचारी. कोणी हरकत घेतली नाही की पत्ता आपला. पण यातच मेख होती. घरी, कचेरीत, परगावी, कुठेही जोडणी करा, पत्त्याचा उत्तरार्ध तोच राही. बिऱ्हाड बदलले तरी पाऊलखुणा तशाच. २००१ मध्ये थॉमस नार्टेन आणि रिचर्ड ड्रेव्ह्स यांनी यावर यादृच्छिक, तात्पुरत्या उत्तरार्धांचा उपाय सुचवला : वापरायचा एक दिवस, टाकून द्यायचा आठवड्याने. २०२१ च्या सुधारणेत हा आठवडा दोन दिवसांवर आला.

दरम्यान जन्मखूणही खरी राहिली नाही. २०१९ चा अँड्रॉइड १० आणि २०२० चा आयओएस १४ यांच्यापासून फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा हार्डवेअर क्रमांक न सांगता बनवलेला सांगू लागले. १९८४ मध्ये 'मी कोण?' विचारणाऱ्या यंत्राला खात्रीने ठाऊक असलेली ती एकच गोष्ट होती.