इरई हिमानी पृष्ठभाग

चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस पैनगंगेकाठी इरई गावाजवळ उघडा पडलेला, हिमनदीने घासलेला चुनखडक. कँब्रियनपूर्व काळातील या खडकावर झिलई व समांतर चरे असून वर तालचेर मालेचा गोलाश्म थर आहे. ओडिशातील तालचेरचे धोंडे बर्फाने वाहून आणले असावेत, असे भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड बंधू व थिओबाल्ड यांनी १८५६ मध्ये सुचविले होते. फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इरईच्या पुराव्याने ते मत भक्कम झाले. उन्हाळ्यात ४५° से. पुढे तापणाऱ्या या मुलखावरून सु. ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फ सरकत होता, हे विलक्षणच! भारत तेव्हा गोंडवनभूमी या प्राचीन भूखंडात, दक्षिणेच्या उच्च अक्षांशांत होता. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडची घट आणि सलग महाखंडामुळे अडलेले विषुववृत्तीय सागरी प्रवाह, या दोहोंचा हिमयुगाशी संबंध जोडतात. पहिल्याचा पुरावा अधिक सबळ आहे. बर्फ वितळताना समुद्र चढला. त्याची खूण म्हणून छत्तीसगढमधील मनेंद्रगढच्या थरांत यूरिडेस्मा हे थंड पाण्यातील शिंपले सापडतात. पुढे हवा उबदार व दमट होऊन ग्लॉसोप्टेरिसची वने वाढली. घुग्घुस, बल्लारपूरचा कोळसा त्याच वनस्पतींपासून बनला.