मागच्या सीटवरचा आवाज

गेल्या वर्षी जूनमध्ये ताम्हिणी उतरून विळ्याच्या पुढे मी बाइकवरून पडलो. चूक शंभर टक्के माझी. हँडलवर मोबाईल लावला होता, त्यावर नकाशा चालू होता आणि पुढचं वळण किती लांब आहे ते बघायला मी मान खाली घातली. फार तर दोन सेकंद. आता हिशेब करा (सवय आहे, काय करणार): ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर. दोन सेकंदांत ३३ मीटर, डोळे मिटून. त्या ३३ मीटरांत कुठेतरी खडी सांडलेली होती.

उजव्या मनगटात प्लेट बसली. दीड महिना डाव्या हाताने कोड टंकला. बायकोने बाइक विकायला लावली नाही हे नशीबच, पण एक अट घातली: हँडलवर स्क्रीन दिसता कामा नये. झालं. तेव्हापासून मोबाईल जॅकेटच्या आतल्या खिशात, हेल्मेटमध्ये एका कानात छोटा इयरफोन, आणि रस्ता फक्त ऐकायचा. पहिल्या दोन वीकांतांना चाचपडल्यासारखं झालं. तिसऱ्या वीकांतापर्यंत लक्षात आलं की आपण कमी चुकतोय! हे काही पटेना. माहिती कमी मिळत असताना माणूस कमी कसा चुकेल? म्हणून जरा खणायला बसलो, आणि नेहमीप्रमाणे रात्रीचे दोन वाजले.

तर मंडळी, हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच विचारून झालाय. १९८५ साली लिन स्ट्रीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हे सगळे बेल कंपनीच्या गोतावळ्यातले संशोधक. त्यांनी लोकांना अनोळखी रस्त्यांवर गाडी घेऊन पाठवलं. काहींना साधा नकाशा, काहींना खास त्या प्रवासापुरता काढलेला नकाशा, काहींना टेपरेकॉर्डर, आणि काहींना टेप आणि नकाशा दोन्ही. टेपला दोन बटणं: एक दाबलं की तीच सूचना पुन्हा, दुसरं दाबलं की पुढची. बस्स. उपग्रह नाही, संगणक नाही. निकाल असा की नुसता आवाज ऐकणारे सगळ्यांत कमी चुकले. आणि दोन्ही मिळालेले नुसता आवाज ऐकणाऱ्यांच्या मागे पडले. मी ते दोनदा वाचलं. माझ्या मनगटाला हे १९८५ सालीच कोणीतरी सांगायला हवं होतं.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात इटॅक नावाच्या कंपनीने गाडीत बसवायचा नेव्हिगेटर बाजारात आणला. नकाशा कॅसेटवर (हो, आपली गाण्यांची असायची तशी टेपच), चाकांना सेन्सर, एक होकायंत्र आणि हिरव्या रेषांचा पडदा. चाकं किती फिरली आणि गाडी कुठे वळली यावरून आपण कुठे आहोत याचा अंदाज करायचा, आणि अंदाज चुकत चालला की नकाशातल्या रस्त्याशी जुळवून तो पुन्हा जागेवर आणायचा. हे जुळवणं आजही तुमच्या मोबाईलमध्ये चालू असतं. पण इटॅक बोलत नसे. नुसता दाखवत असे.

बोलणारी गाडी आली एमआयटीच्या मीडिया लॅबमधून. जिम डेव्हिस नावाच्या विद्यार्थ्याने ख्रिस श्मांट यांच्या हाताखाली १९८९ मध्ये पीएचडी केली, तिचं नाव 'बॅक सीट ड्रायव्हर'. म्हणजे मागच्या सीटवर बसून सतत सूचना देणारा आगाऊ माणूस. आपल्याकडे प्रत्येक घरात एक असतो, नाव सांगायची गरज नाही. गंमत म्हणजे संगणक गाडीत नव्हताच. तो लॅबमध्ये, आणि गाडीशी बोलणं सेल्युलर फोनवरून. बॉस्टन-केंब्रिजच्या रस्त्यांवर, नकाशा न दाखवता, फक्त बोलून ही गाडी माणसाला नेत असे. जीपीएसशिवाय!

माझ्यासारख्या माणसाला यातलं खरं डोकं कुठे दिसतं, तर डेव्हिसने वळणांची वर्गवारी केली त्यात. नुसतं डावं-उजवं नाही. फाटा वेगळा, जिथे रस्ताच वळतो ते वेगळं, मोठ्या रस्त्यावर चढणं वेगळं, चक्राकार चौकात शिरणं वेगळं आणि त्यातून बाहेर पडणं आणखी वेगळं. डावीकडे दोन रस्ते असतील तर त्यातला जास्त वळलेला कोणता तेही सांगायचं. कधी सांगायचं ते गाडीच्या वेगावरून ठरवायचं. आणि चालक चुकला तर त्याला दोष न देता चूक सांगायची. (हा भाग मागच्या सीटवरच्या खऱ्या ड्रायव्हरांनी शिकून घ्यावा असा आहे.)

मग उपग्रहांनी काय केलं? त्यांनी ही सोय स्वस्त केली. जीपीएस अमेरिकन लष्कराचं. पहिला उपग्रह १९७८ सालचा. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं ००७ विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं, ते पाडण्यात आलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर रीगन सरकारने ही यंत्रणा सर्वांना मोफत वापरता येईल असं जाहीर केलं. पण देताना हात आखडता. नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातलेली, सुमारे शंभर मीटरपर्यंतची. पुण्यातल्या पेठांमध्ये शंभर मीटरांत किती बोळ येतात ते आठवा. 'आता उजवीकडे वळा' म्हणजे नक्की कुठे? मे २००० च्या सुरुवातीला क्लिंटन यांच्या आदेशाने ही चूक बंद झाली आणि एका रात्रीत जगभरची यंत्रं दहा-वीस मीटरांवर आली. माझ्या मते बोलणाऱ्या नेव्हिगेशनचा खरा वाढदिवस तोच. दुचाकीचा वेगळा पर्याय मात्र गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये दिला, आणि तोही आधी भारतात.

आपल्याकडचा कायदाही सांगून टाकतो. ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांत असं आलं की गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल, तेही चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने. हँडलवरचा माझा मोबाईल या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात बसत होता.

आता आवाजाची उणी बाजू. फ्लायओव्हरच्या वर आहात की खाली, हे त्याला धड कळत नाही. हायवे आणि शेजारचा सर्व्हिस रोड यांतही गोंधळ. चांदणी चौकात 'किंचित डावीकडे' हे शब्द ऐकले की मला घाम फुटतो, कारण तिथे किंचित डावीकडे जाणारे रस्ते एकाहून जास्त आहेत. डेव्हिसने असं सोडलं नसतं.

आणि दुसरी गोष्ट, शांतता. ऑगस्टमध्ये श्रीवर्धनला मित्राच्या घरी निघालो होतो, एकटाच. ताम्हिणीत पाऊस, माणगावला हायवेवर आलो, आवाज काही बोलेना. बोलत नाही म्हणजे सरळ जायचं, असं मी गृहीत धरलं. बराच वेळ सरळ गेलो. लोणेऱ्याला विद्यापीठाची पाटी दिसली तेव्हा पोटात गोळा आला. इयरफोनची बॅटरी माणगावच्या आधीच संपली होती. पडद्यावर निदान काळं झालेलं दिसतं. कानात मात्र 'सरळ जा' आणि 'मी मेलो' दोन्ही सारखंच ऐकू येतं. सर्व्हर जिवंत आहे का हे बघायला दर काही सेकंदांनी टिचकी मारणारा प्रोग्रॅम मी पोटासाठी लिहितो, आणि हे मला सुचलं नाही!

टपरीच्या आडोशाने मित्राला फोन लावला. उचलला त्याच्या आईने.

"लोणेऱ्याला? अरे, तिकडे कशाला गेलास? तसाच मागे फीर. माणगाव आलं की मोरब्याचा रस्ता कुठला ते विचार कोणालाही. म्हसळा आलं की परत फोन कर. आणि हळू ये, मासे काही पळून जात नाहीत."

चार वाक्यं. पुढचा टप्पा कुठला, तिथे काय करायचं, आणि जिवंत आहेस हे कधी कळवायचं. म्हसळ्याहून फोन केला. जेवायला तीन वाजले.

आता निघण्याआधी इयरफोन पूर्ण चार्ज करतो, आणि दहा मिनिटं आवाज आला नाही तर गाडी बाजूला घेऊन थांबतो. थांबल्यावरच खिशातला मोबाईल बाहेर. येत्या शनिवारी भोरकडे जायचंय, या वेळी बायको मागे बसणार आहे. तिने तिची पद्धत आधीच जाहीर केली आहे: डावा खांदा दाबला तर डावीकडे, उजवा तर उजवीकडे, आणि दोन्ही एकदम दाबले तर वेग कमी.