निवासी शाळा सातबाऱ्यावर कुठे बसते?

समजा, मिठबावात तुमची दोन एकर जमीन आहे. मिठबाव म्हणजे देवगड तालुक्यातलं, किनाऱ्यावर गजबादेवीचं देऊळ असलेलं गाव. निम्म्या जमिनीत हापूसची कलमं आहेत, निम्मा नुसता कातळ. एक शिक्षणसंस्था तुमच्याकडे येते. चाळीस मुलं वर्षभर इथे राहतील, सकाळी वर्ग, दुपारी बागेत काम, संध्याकाळी अभ्यास. तुम्हाला कल्पना आवडते, तुम्ही हो म्हणता. आणि मग पहिला प्रश्न येतो: ही जमीन आता शेती की बिनशेती?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो जरा उलगडून बघू.

1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने शेतकऱ्याला शेतघर बांधायची, विहीर खणायची मुभा दिली, कारण त्याने शेती सुधारते. जमीन दुसऱ्या कशासाठी वापरायची असेल तर मात्र आधी कलेक्टरची परवानगी. सरकारला काळजी होती ती साऱ्याची, त्यामुळे जमिनीचे कप्पे दोनच: शेती आणि शेतीखेरीज सगळं. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हीच चौकट पुढे चालवली. कलम 44 खाली अर्ज करायचा, आणि पोच मिळाल्यापासून 90 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं.

शिक्षणाचा विचार मात्र या दोन कप्प्यांत मावणारा नव्हता. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. तिचा गाभाच हा, की हाताचं काम हेच शिकण्याचं माध्यम. आपल्या जिल्ह्यात अप्पासाहेब पटवर्धनांनी 1948 मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला. तिथे सफाई, चर्मोद्योग, शेती आणि खत या एकाच कामाच्या बाजू होत्या. 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथेही मुलं राहतात आणि करत करत शिकतात. अशा ठिकाणी शेत हाच वर्ग असतो. पण महसुली वहीत शेत एका रकान्यात आणि मुलं झोपतात ती खोली दुसऱ्या रकान्यात.

म्हणून शाळांसाठी कायद्यात वेळोवेळी अपवाद केले गेले. मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 1956 चा.

त्याआधी 1948 चा कूळ कायदा आला होता. त्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. कलेक्टर परवानगी देऊ शकतो, आणि ज्या कारणांसाठी देऊ शकतो त्यांत शैक्षणिक संस्थेची गरज हेही एक कारण आहे. हा निर्बंध उगाच आलेला नव्हता. कोकणात खोतांखाली पिढ्यानपिढ्या कष्ट उपसणारी कुळं होती. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. प्रत्यक्ष कायदा झाला 1949 मध्ये. जमीन कसणाऱ्याच्या हाती राहावी म्हणून हे सगळं.

1956 च्या दुरुस्तीने ठरवलं की 1 एप्रिल 1957 या कृषक दिनापासून कूळ जमिनीचं मालक मानलं जाईल. पण त्याच दुरुस्तीत कलम 88-ब आलं. शैक्षणिक कामासाठीच्या ट्रस्टच्या जमिनींना कायद्याच्या बऱ्याच तरतुदींतून सूट मिळाली. अटी दोन: ट्रस्ट नोंदणीकृत हवा, आणि त्या जमिनीचं सगळं उत्पन्न ट्रस्टच्याच कामाला लागलं पाहिजे.

आता याची दुसरी बाजू बघा. शेजारच्या बांधावरचं कूळ मालक झालं, आणि ट्रस्टच्या जमिनीवरचं कूळ कूळच राहिलं. शाळेला मिळालेल्या सवलतीची किंमत कुळाने मोजली. जमिनीच्या कायद्यात कोणतीही सूट फुकट नसते, कोणीतरी ती भरत असतं.

किनाऱ्यावर 1991 मध्ये आणखी एक थर चढला, तो म्हणजे सीआरझेड. ग्रामीण किनाऱ्यावर भरती रेषेपासून 200 मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र ठरला. 2011 च्या अधिसूचनेत या पट्ट्यातही काही बांधकामांना प्रकरण बघून परवानगी देण्याची वाट ठेवली आहे. त्या यादीत दवाखाना आहे, शाळा आहे, रस्ता आहे. अट एकच, ती स्थानिक रहिवाशांच्या गरजेची हवी.

इथेच निवासी शाळा अडखळते. गावची शाळा स्थानिकांची, हे उघड आहे. पण आपल्या चाळीस मुलांत कोणी गगनबावड्याचं, कोणी मुंबईचं असेल तर ती शाळा कोणाची? शाळा म्हणून तुम्ही आत, वसतिगृह म्हणून कदाचित बाहेर.

तुम्ही म्हणाल, चांगल्या कामासाठी नियम सैल करायला काय हरकत आहे? हरकत आहे. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. किनाऱ्यावरच्या जमिनीला तेव्हापासून वेगळंच गिऱ्हाईक आहे. दहा खोल्या, एक भोजनगृह, समुद्राकडे तोंड: कागदावर वसतिगृह आणि रिसॉर्ट यांच्यात फारसा फरक दिसत नाही. आज दारावर शाळेची पाटी, पाच वर्षांनी ‘मुक्कामाची सोय’. सरकारी शाळेला हा संशय चिकटत नाही. नवोदय विद्यालयाला जमीन राज्य सरकारच मोफत देतं. आपल्या जिल्ह्याचं नवोदय सावंतवाडी तालुक्यात सांगेलीला आहे. संशय येतो तो खासगी संस्थेवर, आणि दर वेळी तो चुकीचाही नसतो.

मग नियम बदलायचा कसा? मी विज्ञानाच्या वाटेने आले, वकिलीच्या नाही. पण एखादा नमुना दोन्ही गटांत बसत नसेल तर त्याला कोंबून बसवायचं नाही, गटाची व्याख्या तपासायची, एवढं प्रयोगशाळेत शिकले. आणि नव्या व्याख्येचं बी जुन्याच कायद्यात आहे. 88-ब ने सूट वापराशी बांधली: उत्पन्न शाळेला, तोवरच सूट. महसूल संहितेतही शैक्षणिक वापराच्या जमिनीला बिनशेती आकारणीतून जी माफी आहे, ती शाळा जातधर्म न बघता सगळ्यांना खुली असेल तरच.

त्याच धर्तीवर शेतीसह निवासी शाळा हा तिसरा कप्पा करता येईल. परवानगी जमिनीला कायमची न चिकटता वापरासोबत राहील. मुलं गेली, की परवानगीही संपेल आणि जमीन पुन्हा शेतीत येईल. बाग आणि कातळ यांतला किती भाग बांधकामाखाली जाईल, हे आधीच ठरेल. आणि 1956 ला जे राहून गेलं ते या वेळी करायचं: त्या जमिनीवर कसणारं किंवा राहणारं कोणी असेल, तर आधी त्याचं म्हणणं लेखी घ्यायचं.

राहता राहिला ‘स्थानिक’ हा शब्द. संस्थेचे लोक पुन्हा आले की त्यांना एक विचारून ठेवा: चाळीसपैकी किती जागा मिठबाव आणि आसपासच्या वाड्यांतल्या मुलांना? त्यांनी आकडा सांगितला, तर तो ग्रामसभेपुढे ठेवा आणि करारात लिहून घ्या. अर्ज त्यानंतर.