खान्देशातील महिलांचे परसातील कुक्कुटपालन

कापूस, केळी आणि मका या पिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या खान्देशात कोंबडीपालन हा शेतीचा जोडधंदा म्हणून फार जुना आहे. जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर तालुक्यांचा सातपुड्याच्या पायथ्याचा भाग आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर व साक्री तालुक्यांतील आदिवासी पट्टा येथे घरामागे पाच-दहा कोंबड्या असणे ही सर्वसाधारण बाब आहे. त्यांची देखभाल बहुतांशी महिलाच करतात. अंडी वा कोंबडा विकून येणारा पैसा मीठ-मिरची, मुलांच्या वह्या आणि औषधपाणी यांवर खर्च होतो. शेतमालाच्या पट्टीची वाट न पाहता हाती येणारी रक्कम म्हणून या व्यवसायाचे मोल त्याच्या आकारापेक्षा मोठे आहे.

२००६चा धडा

भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद याच परिसरात झाली. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कोंबड्यांमध्ये एच५एन१ विषाणू आढळल्याचे जाहीर करण्यात आले. नंदुरबार हा १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता. नवापुरात मोठे व्यावसायिक पोल्ट्री फार्म होते. मार्च २००६ मध्ये मात्र रोग जळगाव जिल्ह्यात पोहोचला आणि मारूळ, सावदा, हातेड आदी गावांत तो आढळला तेव्हा प्रश्नाचे स्वरूप बदलले. येथे पिंजऱ्यांच्या रांगा नव्हत्या, कोंबड्या घरोघरी विखुरलेल्या होत्या. त्या गोळा करून नष्ट करण्यात आल्या. त्या साथीत देशात मनुष्यास लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु अनेक घरांतील खुराडी एका दिवसात रिकामी झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा हा रोग आढळला.

अशा प्रसंगी नुकसानभरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी मिळते, आधीच मेलेल्यांसाठी मिळत नाही. म्हणून एकाएकी मरतूक सुरू झाल्यास ती दडवणे किंवा आजारी कोंबड्या घाईने बाजारात विकणे हे गावाच्या आरोग्याला घातक आणि मालकिणीच्याही तोट्याचे ठरते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळविणे हाच मार्ग आहे. घरातील पक्ष्यांची संख्या वहीत लिहून ठेवलेली असल्यास मोजणीच्या वेळी वाद होत नाही.

वाणाची निवड

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. परंतु ती स्वतः खुडूक बसते, २१ दिवसांत पिले काढते व त्यांना सांभाळते. बंगळूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकसित झालेली गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज या जाती वजनाने भरतात, अंडीही जास्त देतात. मात्र त्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यामुळे दर खेपेस पिले विकत आणावी लागतात. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील काळ्या मांसाच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याला दर चांगला मिळतो. पण ग्राहक आधी निश्चित केल्याविना मोठी संख्या पाळणे जोखमीचे आहे. सुधारित कोंबडीची अंडी गावरान कोंबडीखाली उबवून घेणे हा मधला मार्ग अनेक ठिकाणी अवलंबिला जातो.

मरतूक आणि लस

नफा-तोट्याचा निर्णय अंड्यांपेक्षा पिलांच्या मरतुकीवर होतो. एका कोंबडीने वर्षात दोनदा दहा-दहा पिले काढली आणि वीसपैकी सहाच जगली, तर व्यवसाय जेमतेम चालतो. चौदा जगली, तर तेवढ्याच कोंबड्यांत उत्पन्न दुपटीहून अधिक होते. पहिल्या सहा आठवड्यांत घार, मुंगूस, रानमांजर, पाऊस आणि थंडी यांपासून पिलांना वाचविणे आवश्यक असते. त्यासाठी डालग्याखाली वा बंदिस्त खुराड्यात ठेवून त्यांना भरडलेला मका, ज्वारी किंवा तांदळाची कणी द्यावी.

राणीखेत, अर्थात मानमोडी, हा सर्वांत घातक रोग. त्यावर उपचार नाही, प्रतिबंध मात्र आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात टाकतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस टोचतात. खरी अडचण निराळी आहे. लसीची कुपी शंभर वा त्याहून अधिक मात्रांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि विरघळविल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीला ती एकटीने परवडत नाही. बचत गटाने दिवस ठरवून साऱ्या गल्लीतील कोंबड्यांना पहाटे, त्या खुराड्यातून बाहेर पडण्यापूर्वी, लस दिली तर खर्च नगण्य होतो. ‘उमेद’ अभियानातील प्रशिक्षित पशुसखी हे काम करू शकतात.

उन्हाळा

जळगाव-भुसावळ परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४ अंशांपर्यंत जातो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकणे हाच तिचा उपाय. या काळात खाद्य सकाळी लवकर व सायंकाळी द्यावे, सावलीत मातीच्या भांड्यात गार पाणी ठेवावे आणि खुराड्यावर ओले गोणपाट टाकावे. कडक उन्हात उबवणीस अंडी बसविणे टाळावे.

विक्री आणि मदत

आठवडे बाजारात कोंबडा बहुधा नगावर, हाताने अंदाज घेऊन विकला जातो. यात व्यापाऱ्याचा अंदाज सरस ठरतो. गटाने एक ताणकाटा घेऊन वजनावर विक्री केल्यास हा तोटा टळतो. श्रावणात व नवरात्रात मागणी घटते. मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेव उत्सव आणि होळीपूर्वीचा भोंगऱ्या बाजार या काळात ती वाढते. त्या बेताने पिले काढावीत.

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत २५ तलंगा व ३ नर यांचा गट किंवा १०० एकदिवसीय पिले ५० टक्के अनुदानावर देण्याचे दोन प्रकार आहेत. प्रशिक्षणासाठी रावेर तालुक्यातील पाल, तसेच धुळे व नंदुरबार येथील कृषी विज्ञान केंद्रांशी संपर्क साधता येतो. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ बचत गटांना कर्जासाठी बँकांशी जोडून देते. अर्ज व कर्ज महिलेच्या नावावर असावे आणि विक्रीची रक्कम तिच्याच खात्यात जमा व्हावी, हे पाहणे अगत्याचे आहे. कोंबड्यांची संख्या दहावरून शंभरावर गेली की व्यवहार पुरुषांच्या हाती जाण्याचा संभव असतो. तसे झाल्यास कष्ट तिचे राहतात आणि पैसा तिचा राहत नाही.