खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

मुंबईहून लंडन वा न्यूयॉर्कला थेट जाणाऱ्या प्रवाशाला सुमारे नऊ ते सोळा तास एकाच आसनावर काढावे लागतात. खिडकीच्या आसनासाठी अनेक विमान कंपन्या वेगळे शुल्कही घेतात. मुलांना भेटण्यासाठी प्रथमच परदेशी निघालेले आईवडील हौसेने खिडकी मागतात आणि वाटभर विमानाचा पंख पाहत बसतात. आसन निवडताना थोडा विचार केल्यास ही निराशा टळते.

मार्ग आधी पाहा

भिंतीवरच्या नकाशावरील सरळ रेषा ही विमानाची सर्वांत जवळची वाट नसते. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क असा धागा ताणला, तर तो स्वीडन, आइसलँड आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. म्हणजे सुमारे ६५ उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. प्रत्यक्षातील मार्ग वारे आणि हवाई हद्दींवरील निर्बंध यांप्रमाणे बदलतो. २०२२ मध्ये रशियाची आणि २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द अनेक कंपन्यांना बंद झाल्यावर नेहमीच्या वाटा बदलाव्या लागल्या. त्यामुळे आपल्या उड्डाणाने गेल्या काही दिवसांत घेतलेला मार्ग 'फ्लाइटरडार२४'सारख्या संकेतस्थळावर पाहून मगच बाजू ठरवावी.

डावी की उजवी?

विमानात पुढे तोंड करून बसल्यावर 'ए' हे आसन डाव्या खिडकीचे असते. मोठ्या विमानांत उजव्या खिडकीला बहुधा 'के' हे अक्षर असते. युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो. सूर्याच्या बाजूने पाहिल्यास धुरकट हवा चकाकते आणि जमिनीचे रंग फिके पडतात. म्हणून दिवसाच्या प्रवासात पश्चिमेकडे जाताना उजवी आणि पूर्वेकडे जाताना डावी बाजू सामान्यतः सरस ठरते. खाली ढग असतील तर याच बाजूला विमानाच्या सावलीभोवती इंद्रधनुषी वलय दिसू शकते.

हिमालयाची रांग पाहायची असेल, तर दिल्लीहून पूर्वेकडे जाताना डावी आणि परतताना उजवी बाजू घ्यावी. अमेरिकेहून युरोपकडे येणाऱ्या रात्रीच्या विमानातही डावी बाजू उत्तरेची असते. सप्टेंबर ते मार्च या काळात तेथून ध्रुवीय प्रकाश दिसण्याची शक्यता अधिक असते.

सूर्यास्ताच्या हौशींनी मात्र पश्चिमेकडे जाताना डावी बाजू घ्यावी. ६० अक्षांशाजवळ पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे ८३५ किलोमीटर वेगाने फिरतो. विमानाचा वेगही जवळपास तेवढाच असल्याने मावळता सूर्य क्षितिजावर तासन्‌तास रेंगाळतो.

पंख टाळा

पंखाच्या पुढच्या रांगा सर्वोत्तम. त्या महागड्या वर्गाला दिलेल्या असतील, तर अगदी मागच्या रांगा घ्याव्यात. पंखाच्या लगेच मागे इंजिनाच्या तप्त हवेने दृश्य थरथरते. काही रांगांत आसनाशेजारी खिडकीच नसते. विमान कंपनीच्या आसन-आराखड्यात तशी सूचना आहे का, हे तपासावे. बोइंग ७८७च्या खिडक्या मोठ्या असल्या, तरी त्यांना झडप नसते. काच गडद करण्याचे नियंत्रण कर्मचाऱ्यांकडेही असल्याने भर दिवसाही बाहेर अंधार भासू शकतो.

चढताना, उतरताना

अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३७० किलोमीटर दूर असते. शहरे मात्र उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळीच नीट दिसतात. वारा पश्चिमेचा असताना हीथ्रोवर विमाने लंडनवरून येतात. तेव्हा थेम्स व मध्य लंडन उजवीकडे दिसते. मुंबईत पूर्वेकडून मुख्य धावपट्टीवर उतरताना पवई तलाव उजव्या हाताला असतो.

खिडकीच्या आसनाची एक अडचणही आहे. उठण्यासाठी दोन सहप्रवाशांना उठवावे लागते, म्हणून संकोचाने अनेकजण, विशेषतः ज्येष्ठ, जागचे हलत नाहीत. दीर्घकाळ बसून राहिल्याने पायातील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. अशा प्रवाशांनी लांबच्या टप्प्यासाठी मार्गिकेलगतचे आसन घ्यावे आणि दिवसाउजेडीच्या लहान टप्प्यासाठी खिडकी राखून ठेवावी.