नवरा-बायकोच्या मध्ये उभा असलेला आकडा

गोंदियाहून बोलतोय, आणि आज इतिहासाच्या गप्पांमध्ये विषय आहे लग्नाच्या व्हिसाचा. तुम्ही म्हणाल, व्हिसात कसला आलाय इतिहास? फॉर्म भरा, फी भरा, वाट बघा. पण आज ब्रिटनमध्ये नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला जायचं तर एक आकडा पार करावा लागतो. वर्षाला २९,००० पौंड. हा आकडा कुठून आला आणि त्याआधी काय होतं, हे बघितलं की लक्षात येतं, गोष्ट सव्वाशे वर्षांहूनही जुनी आहे.

सुरुवात करूया १८८३ पासून. आनंदीबाई जोशी कोलकात्याहून जहाजात बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. आजच्यासारखा व्हिसा तेव्हा नव्हता. आपल्याकडे पासपोर्टचा कायदा आला तोच १९२० साली. पण पैसा तेव्हाही मध्ये आलाच. गोपाळराव पोस्टातले नोकरदार, दोघांचा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून बायको एकटी गेली आणि नवरा नंतर पोचला. आणि बघा, आनंदीबाई पोचायच्या वर्षभर आधीच, ऑगस्ट १८८२ मध्ये, अमेरिकेने कायदा केला होता: जो स्वतःचं पोट भरू शकणार नाही आणि सरकारवर भार होईल, त्याला उतरू द्यायचं नाही. 'सरकारवर भार' हे शब्द नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच शब्दांभोवती फिरते.

१९०८ मध्ये कॅनडाने आशियातून येणाऱ्यांना नियम लावला: उतरताना खिशात २०० डॉलर हवेत. त्याआधी २५ डॉलर पुरत होते. त्यातच आपल्या देशातून थेट, मध्ये न थांबता प्रवास करून यायची अट. भारतातून तसं थेट जहाजच जवळपास नव्हतं! जे पुरुष आधी पोचले होते त्यांच्या बायका-मुलं इकडेच राहिली. बायको-मुलांना आणायची मोकळीक मिळाली ती १९१९ साली.

दक्षिण आफ्रिकेत तर पैसा आणि लग्न दोन्ही एकाच लढ्यात आले. नाताळ वसाहतीने १८९५ मध्ये कायदा केला. करार संपलेल्या गिरमिटिया मजुराला तिथेच राहायचं असेल तर दर वर्षी ३ पौंड कर. पुढे तो मुलांवरही आला, मुलगा १६ वर्षांचा आणि मुलगी १३ वर्षांची झाली की. म्हणजे नवरा, बायको, दोन मोठी मुलं अशा घराला वर्षाला १२ पौंड. मजुराची महिन्याची कमाई तेव्हा पौंडभरही नव्हती. आपले गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये तिकडे गेले ते हा कर रद्द करा म्हणायला. आणि मार्च १९१३ मध्ये केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीने न झालेली, नोंदणी नसलेली लग्नं तिथला कायदा मानत नाही. एका निकालात हजारो बायका कायद्याच्या नजरेत बायका राहिल्या नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कस्तुरबा तुरुंगात गेल्या. १९१४ च्या कायद्याने कर गेला आणि एका पत्नीशी झालेलं लग्न मान्य झालं.

आता ब्रिटन. तिथे पैशाआधी संशय आला. १९८० च्या दशकात बाहेरच्या नवऱ्याने सिद्ध करायचं होतं की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नाही. नसलेला हेतू कागदावर कसा दाखवणार? तिकडे बायको आणणं सोपं आणि नवरा आणणं अवघड होतं. १९८५ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे असं सांगितलं. मुख्य हेतूचा नियम १९९७ मध्ये रद्द झाला. तेव्हाही पैशाची अट होतीच, पण ढोबळ: सरकारी मदत न घेता दोघांचं भागलं पाहिजे.

९ जुलै २०१२ ला या ढोबळ अटीचा आकडा झाला. वर्षाला १८,६०० पौंड. सल्लागार समितीने हिशोब मांडला होता की एवढ्या कमाईच्या जोडप्याला सरकारी मदत लागत नाही. बघा, १८८२ चे तेच शब्द, फक्त आता पगारपावतीच्या भाषेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालय म्हणालं, आकडा ठेवणं बेकायदा नाही, पण मुलांच्या हिताचा विचार नियमात नीट झालेला नाही. ११ एप्रिल २०२४ ला आकडा २९,००० झाला. पुढे ३८,७०० पर्यंत न्यायचं ठरलं होतं, ते नव्या सरकारने थांबवलं.

आता हे गोंदियात कसं दिसतं ते सांगतो. माझी मावसबहीण अर्जुनी मोरगाव तालुक्यातली, शाळेत शिक्षिका. नवरा ब्रिटनमध्ये कायमचा स्थायिक, गोदामात काम, पगार २५,००० पौंड. तिथल्या किमान वेतनाने आठवड्याला ४० तास राबलं तरी एप्रिल २०२५ च्या दराने साधारण २५,४०० च होतात! बहिणीचा इथला पगार या हिशोबात शून्य, कारण तिकडे गेल्यावर ही नोकरी राहणार नाही असं धरतात. काकाजी माझ्यासमोर सातबारा ठेवून म्हणाले, "बाबू, आठ एकर धानाची जमीन हाये आमची. तं हे आमाले कंगाल समजते का?"

कंगाल नाही, काकाजी. पण बांधीत उभा धान त्यांच्या तक्त्यात बसत नाही. तिथे बसते रोख बचत, आणि तिचं गणित असं आहे. पहिले १६,००० पौंड धरतच नाहीत, कारण तिकडे एवढी शिल्लक असलेल्याला तशीही सरकारी मदत मिळत नाही. त्यावर, पगारात जेवढी तूट तिची अडीच पट, कारण व्हिसा साधारण अडीच वर्षांचा. तूट ४,०००, म्हणजे १०,००० अधिक १६,०००. एकूण २६,००० पौंड, तीस लाखांच्या घरात. पगार काहीच नसेल तर ८८,५०० पौंड, म्हणजे कोटीच्या आसपास. पैसे घरच्यांनी दिलेले चालतात, उसने चालत नाहीत, आणि साधारणपणे सहा महिने खात्यात राहिलेले हवेत.

काकाजी जमीन विकायला तयार झाले होते. गिऱ्हाईकही आलं होतं. शेवटी जावयाने शनिवार-रविवारचं दुसरं काम धरलं आणि पगारपावत्या जमवल्या. जमीन राहिली. पण लग्नानंतरचं पहिलं वर्ष दोघांनी व्हिडिओ कॉलवर काढलं. एक रोवणी, एक कापणी आणि चुकारे हाती येईपर्यंतचा काळ.

सगळे देश सारखे नाहीत, हेही ऐका. अमेरिकेत डिसेंबर १९९७ पासून जोडीदाराला बोलावणाऱ्याला हमीपत्र द्यावं लागतं: कमाई सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के. दोन माणसांच्या घराला २०२५ मध्ये हा आकडा २६,४३७ डॉलर होता. तिथे कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो. वर्षभरात विकून रोख करता येईल आणि तिकडे नेता येईल अशी इथली मालमत्ताही मोजता येते. पण ते हमीपत्र घटस्फोटानेही सुटत नाही, म्हणून सही करणाऱ्याने विचार करून करावी. कॅनडात, जिथे एकेकाळी २०० डॉलर मागायचे, तिथे आज फक्त नवरा किंवा बायको बोलवायची असेल तर साधारणपणे कमाईचा किमान आकडाच नाही.

म्हणजे असा आकडा असलाच पाहिजे असं काही नाही. तो माणसांनी ठरवलाय, आणि माणसांनीच अनेकदा बदललाय. मोर्चे निघाले, खटले झाले, कधी एखादी बाई तुरुंगात गेली, तेव्हा बदललाय.

तुमच्या घरात परदेशातलं स्थळ आलं असेल तर एवढं करा. मुलाचा किंवा मुलीचा पगार विचारताना लाजू नका, आणि त्या देशाचा आजचा नियम सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, कारण आकडे बदलतात. मंगल कार्यालय त्यानंतर बुक करा. आणि सातबारा हातात घेऊन दलालाकडे तर मुळीच धावू नका. भेटू पुढच्या भागात.